शिरोरेषा मी ओढलेली नाही

शिरोरेषा मी ओढलेली नाही. लेख शेवटपर्यंत वाचण्याची सवड सर्वांनाच असते असे नाही, म्हणून मुख्य मुद्दा आरंभीच लिहून मोकळा होतो. हंस माझा आहे, कुंचला माझा आहे, पाण्याची लाट माझी आहे. या तिघांच्या डोक्यावरून गेलेली रेघ माझी नाही. तरीही अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जिथे म्हणून चार चित्रकार चहाला जमतात, तिथे ‘मेस्त्रींनी नीतीची अनीती केली’ ही गोष्ट सांगितली जाते, आणि सांगणारा प्रत्येक जण त्या दिवशी सभागृहात पहिल्या रांगेत बसलेला असतो. ती पहिली रांग मी पाहिली आहे. एवढी माणसे तीत बसायची, तर एकमेकांच्या मांडीवर बसावी लागली असती.

मी जन्मभर उपयोजित चित्रकलेचा व्यवसाय केला. संस्थांची आणि दुकानांची बोधचिन्हे, वेष्टने, पत्रिका, पाट्या. लोक याला ‘लोगो काढणे’ म्हणतात, जणू दाढच काढायची आहे. भिंतीवरचे चित्र टांगले की त्याचे काम संपते; बोधचिन्हाचे तिथून सुरू होते. ते पाटीवर दोन हात उंच असते आणि रबरी शिक्क्यात वाटाण्याएवढे. रंगीत छापले तरी तेच दिसले पाहिजे आणि झेरॉक्स काढून काळे पडले तरी तेच. मुख्य म्हणजे, ते पाहणाऱ्याला भलतेच काही वाटता कामा नये. घाटकोपरच्या एका हृदयरोगतज्ज्ञांनी माझे न ऐकता हृदयाला हिरवा रंग दिला. ‘हिरवा म्हणजे आरोग्य’, असे त्यांचे म्हणणे. पुढे वर्षभर लोक त्यांच्या दारात मघई पान मागायला येत. मालाडच्या एका मसालेवाल्या शेटजींना वेष्टनावर देवी, सूर्य, भारताचा नकाशा आणि स्वर्गवासी वडिलांची तसबीर हवी होती. “मग मसाला कुठे दाखवू?” असे मी विचारले, तर म्हणाले, “मसाला तो अंदर है ना!”

या व्यवसायात एक अलिखित नियम आहे. काम आपले, सही कोणाचीच नाही. शेटजींचा मसाला महाराष्ट्रभर गेला, परंतु त्या देवीचे डोळे कोणी रेखाटले हे कोणत्याही स्वयंपाकघराला ठाऊक नाही. मला त्याची खंत आहे. नाही असे म्हणणारे चित्रकार खोटे बोलतात.

म्हणूनच, दिघे सरांनी जेव्हा त्यांच्या नव्या संस्थेचे सर्व काम माझ्याकडे आणले, तेव्हा मी हरखलो. प्राध्यापक दिघे अंधेरीला चार बंगल्याजवळ राहतात. संस्थेचे नाव नीतिमंच. लेखक, चित्रकार, छायाचित्रकार, जाहिरातवाले यांच्यात सदाचार नांदावा, दुसऱ्याचे काम कोणी उचलू नये, आणि उचलले तर विचारून उचलावे, हा तिचा हेतू. संस्थेच्या आचारसंहितेचे पहिले कलम असे: ‘प्रत्येक निर्मितीवर निर्मात्याचे नाव असावे.’ मी ते कलम दोनदा वाचले आणि म्हणालो, “सर, तुमचं बोधचिन्ह, पत्रं, माहितीपत्रक, वेबसाइटचा आराखडा, सगळं मी करतो. अट एकच. खाली माझं नाव.”

“अहो, हे काय विचारणं झालं?” दिघे सर म्हणाले. “त्यासाठीच तर संस्था आहे!”

आता दिघे सरांची आवृत्ती ऐका. हंसाची कल्पना आपली, असे ते भाषणांतून सांगत असत. वस्तुस्थिती अशी की पुढल्याच भेटीत त्यांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर इंटरनेटवरून छापून घेतलेले, कोणत्या तरी परदेशी साबणाचे चिन्ह होते.

“मेस्त्री, हंस. नीरक्षीरविवेक. दूध कोणतं, पाणी कोणतं. अस्सल कोणतं, नक्कल कोणती. असाच काढा. फक्त तोंड दुसरीकडे फिरवा, म्हणजे प्रश्न येणार नाही.”

“सर,” मी म्हणालो, “तुमच्या आचारसंहितेचं दुसरं कलम काय आहे?”

सरांनी कागद घडी करून परत खिशात ठेवला. त्या कागदाच्या बळावर ते पुढे कल्पनेचे श्रेय घेत राहिले. माझा आक्षेप तात्त्विक नाही, प्राणिशास्त्रीय आहे. कागदावर हंस नव्हताच. ते बदक होते.

हंस मी काढला. वर्सोव्याच्या खाडीकाठी बसून बगळ्यांच्या माना न्याहाळल्या, कारण हंस वर्सोव्याला येत नाहीत. शेवटी कुंचल्याच्या एकाच फटक्यात मान आणि पोट साधले, मराठी तीनच्या आकड्यासारखे वळण. त्याच्यापुढे उभा कुंचला. दोघांमध्ये पाण्याची एक आडवी लाट. जाणकार वाचकांच्या आताच ध्यानात आले असेल: तीनच्या पोटातून निघालेली आडवी रेघ उभ्या दांड्याला मिळाली आणि वर शिरोरेषा पडली, तर त्याचा ‘अ’ होतो. हे मला दिसले नव्हते काय? दिसले होते. म्हणूनच मी हंसाला नावाच्या वर, मध्यभागी, पुरेशी मोकळी जागा सोडून बसवले. देवळावर कळस असतो तसा. कळस काढून दाराशेजारी ठेवला, तर भाविक त्याला अडखळणारच. ही उपपत्ती मी नंतर रचली, असे दिघे सर म्हणतात. मी रचली ती आधी. सांगितली नंतर, कारण कळस दारात ठेवणारी माणसे असतात अशी मला कल्पना नव्हती.

मग चित्र समितीपुढे गेले. समितीत आपटेबाई होत्या. बाईंनी सगळे आयुष्य मुद्रितशोधनात घालवले आहे, आणि चुकीची वेलांटी पाहून त्यांचा रक्तदाब वाढतो, हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. प्रश्न असा उपस्थित झाला की नीती हा शब्द एकटा असताना ‘ती’ दीर्घ. पण समासात, म्हणजे नीतिमंच लिहिताना, तो ‘ति’ ह्रस्व. अर्ध्या सदस्यांना हे मान्य नव्हते.

“लोकांना ह्रस्व चूक वाटेल, बाई,” दिघे सर म्हणाले.

“लोकांना चूक वाटेल म्हणून आपण चूक करायची? आणि संस्था कसली काढताय तुम्ही? नीतीची!”

“पण दीर्घ वेलांटी दिसायला भारदस्त वाटते.”

“भारदस्त हवं असेल तर संस्थेचं नाव हत्तीमंच ठेवा. हत्ती संस्कृत नाही, तिथे ती दीर्घच राहील.”

सभांमागून सभा या एका वेलांटीवर गेल्या. व्याकरणाची पुस्तके आली, कोणीतरी रागाने राजीनामा दिला, चहा झाल्यावर परत घेतला. शेवटी ‘ति’ ह्रस्व ठरला. बाई जिंकल्या, आणि बाईंचे बरोबरही होते. मात्र तेव्हापासून समितीतला प्रत्येक जण तो शब्द पाहताना थेट दुसऱ्या अक्षराकडे पाहू लागला. पहिल्या अक्षराच्या आधी काय बसले आहे, हे पाहण्यासाठी कोणाचा डोळा शिल्लक उरला नाही. ही चूक अन्य भाषिकांच्या संस्थेत झाली नसती. त्यांचे आधी वाचून होते, मग ते तपासतात. आपण आधी तपासतो. वाचायचे राहून जाते.

माझे काम छापले गेले. पत्राच्या कागदावर हंस वर, नाव खाली, आणि तळाशी बारीक अक्षरांत: ‘बोधचिन्ह: रघुनाथ मेस्त्री’. तो कागद मी सौभाग्यवतींना दाखवला. आम्ही दोघे मालवणाकडचे. मी मुंबईत येऊन प्रमाण मराठी बोलू लागलो, तिने ती चूक केली नाही. चष्मा लावून, कागद लांब धरून ती म्हणाली, “नाव बारीक आसा. पण आसा.” आमच्या संसारात याहून मोठी प्रशस्ती मला मिळालेली नाही.

वेबसाइट प्रत्यक्ष बांधण्याचे काम दुसऱ्या व्यक्तीकडे होते. मी आराखडा दिला आणि बाजूला झालो. आता फोनचा पडदा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. माझ्या पिढीने आडव्या पाटीवर आणि उभ्या कागदावर हात बसवला. फोनवर संस्थेच्या नावासाठी वाट्याला येते ती फक्त वरची चिंचोळी पट्टी. कळसासह देऊळ त्या पट्टीत मावत नाही. तेव्हा माझा हंस वरून उतरवून नावाच्या डावीकडे बसवण्यात आला. मला न विचारता. त्यानंतर कोणाला तरी वाटले की हंस आणि नाव सुटेसुटे दिसते, आणि नावावरची शिरोरेषा डावीकडे वाढवून हंसाच्या डोक्यावरून, कुंचल्याच्या टोकाला टेकवून नेण्यात आली. हेही मला न विचारता. उद्घाटनाच्या फलकासाठी फ्लेक्सवाल्याने चित्र घेतले, ते वेबसाइटवरून. मला न विचारता, हे आता वेगळे सांगायला नको.

माझ्या विरोधातला एक पक्ष सांगतो की मी हे सर्व पाहून मान्यता दिली होती, परंतु मोतीबिंदूमुळे मला दिसले नाही. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन या प्रकरणानंतर झाले. आधी दिसत नव्हते म्हणूनच ऑपरेशन झाले ना, असा प्रतिप्रश्न तो पक्ष करतो. अशा लोकांशी मी वाद घालत नाही. फक्त त्यांची नावे लक्षात ठेवतो.

उद्घाटन अंधेरीच्या एका शाळेच्या सभागृहात झाले. प्रमुख पाहुणे रंगभूमीवरचे ज्येष्ठ नट. त्यांना आदल्या दिवशी निमंत्रण गेले होते, म्हणजे आधीचे पाहुणे आजारी पडले होते. संस्थेचे नाव त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. त्यांची भिस्त फलकावर होती. ते उभे राहिले, मागे वळले, फलकाकडे पाहिले, आणि ज्या वाणीने त्यांनी उभा महाराष्ट्र गाजवला, त्या स्वच्छ, घंटेसारख्या वाणीने म्हणाले:

“अनीतिमंचाच्या या मंगल सोहळ्यात उपस्थित असलेल्या माझ्या रसिक बंधुभगिनींनो!”

‘ति’ त्यांनी अचूक ह्रस्व उच्चारला होता. आपटेबाईंनी मान डोलावली. मग बाईंची मान मध्येच थांबली.

पाहुणे पुढे बोलतच होते. “आज सर्वत्र नीतीचे मंच निघत असताना, अनीतीचा मंच काढण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, त्या दिघ्यांचे मी अभिनंदन करतो. कलावंताला थोडी अनीती लागतेच!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दिघे सर हात जोडून हसले, कारण टाळ्या वाजल्या की ते हात जोडतात. त्यांना कळले, ते टाळ्या संपल्यावर.

मी उशिरा ओळखले, असे सांगण्यात येते. असत्य. मला फलक पाहताक्षणीच कळले होते, परंतु मी आक्षेपासाठी उठणार तोच पाहुणे उठले. सौभाग्यवतींची आवृत्ती निराळी आहे: “खंय? तेव्हा तुमी वडो खाय होतात.” वडा माझ्या हातात होता, हे मी नाकारत नाही. हातात वडा असताना माणसाला दिसत नाही, हे मी नाकारतो.

त्यानंतरची गोष्ट दुःखाची आहे. लोकांनी विचारायला सुरुवात केली, हे केले कोणी? उत्तर कागदाच्या तळाशी छापलेलेच होते. बोधचिन्ह: रघुनाथ मेस्त्री. जन्मभर ज्या एका ओळीसाठी तळमळलो, तीच ओळ माझ्याविरुद्धचा पुरावा ठरली. मसाल्याच्या देवीचा एक डोळा तिरका झाला असता, तरी कोणी मला शोधत मुलुंडला आले नसते. फलक बदलला, शिरोरेषा तोडली, हंस पुन्हा कळसावर गेला. पण संस्थेच्या स्मरणिकेत वाक्य आले: ‘आरंभी चित्रकाराच्या नजरचुकीमुळे बोधचिन्हात दोष राहिला होता.’ आणि त्याच स्मरणिकेच्या पहिल्या पानावर दिघे सरांचे निवेदन: ‘हंसाची कल्पना मला सुचली तेव्हा…’

म्हणजे कल्पना त्यांची आणि दोष माझा. मी वाचून दाखवले, तेव्हा सौभाग्यवती भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “तुमच्या हंसान काळा अंडा घातल्यान. आता बसा उबवीत.”

मी उबवीत बसलो नाही. नीतिमंचाच्या आचारसंहितेनुसार, ज्या कलावंताचे श्रेय डावलले गेले असेल त्याने संस्थेच्या श्रेयसमितीकडे दाद मागावी. मी संस्थेविरुद्ध संस्थेच्याच समितीकडे तक्रार नोंदवली. समितीकडे आलेली ही पहिलीच तक्रार होती. आपटेबाईंनी ती हाती घेऊन आधी तीतल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि मग दाखल करून घेतली.

सुनावणी जोगेश्वरीला झाली. नीतिमंचाला स्वतःची जागा नाही. एका गृहनिर्माण सोसायटीचे कार्यालय रविवारी सकाळी मिळते. समितीत आपटेबाई. समोर मी. शेजारी दिघे सर. कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलेली एक तरुण मुलगी, जुनी पाने दाखवण्यासाठी बोलावलेली. मी तिला संगणक चालवणारी समजलो.

मी नुकता उभा राहिलो होतो, तोच दार ढकलून सोसायटीतले एक गृहस्थ आत आले.

“गळतीचं इथेच ना?”

“नाही, ही नीतीची सभा आहे,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे गळतीचं आज नाही?”

“नाही.”

“तेच म्हटलं,” असे म्हणून ते गेले. मी आयुष्यात एवढे नेमके भाष्य ऐकलेले नाही.

मी माझी बाजू मांडली. हंस वर होता. खाली कोणी आणला? शिरोरेषा नावापुरती होती; लांब कोणी केली? दिघे सर घसा खाकरून म्हणाले, “मेस्त्री, उगाच ताणू नका. ही फलकाची तांत्रिक बाब आहे. मुळात तुमचा हंसच ‘अ’सारखा आहे.”

“माझा हंस?” मी विचारले.

“तुमचाच. मान तुम्ही वळवलीत, लाट तुम्ही घातलीत. माझा त्या चित्राशी काय संबंध? मी तर तुम्हाला वेगळाच पक्षी दिला होता.”

“म्हणजे हंस पूर्णपणे माझा?”

“पूर्णपणे! कल्पनेपासून!”

“बाई,” मी म्हणालो, “लिहून घ्या.”

बाईंनी लिहून घेतले. सरांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. टाळ्यांप्रमाणेच.

“पण रेघ तुमचीच,” ते सावरून म्हणाले. “चित्र तुमचं, तर रेघही तुमची.”

“रेघ माझी आहे,” कोपऱ्यातून आवाज आला.

आम्ही तिघेही वळलो. लॅपटॉपवाली मुलगी आमच्याकडे पाहत होती. “काय झालं? मीच ओढली ना ती. हंस पण मीच खाली आणला. फोनमध्ये मावत नव्हता यार, काय करणार?”

“आपण कोण?” मी विचारले.

“तन्वी गायकवाड. वेबसाइट मी केली. काका, आपण फोनवर बोललोय, तुम्ही मला सारखं ‘तुमच्या साहेबांना द्या’ म्हणायचात.”

याविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की फोनवर आवाज नीट येत नव्हता.

“मग इतके दिवस बोलली का नाहीस गं?” बाईंनी विचारले.

“मला कोणी विचारलंच नाही. मला वाटलं, तुम्ही सगळे मोठी माणसं भांडताय, तर काहीतरी मोठं असेल. रेघेवरूनच भांडताय हे आज कळलं.”

“आणि रेघ वाढवायची तुला सुचली?”

“छे. मला तर हंस सुटाच बरा वाटत होता. सर म्हणाले, जोडून टाक, संस्था एकसंध दिसली पाहिजे.” ती दिघे सरांकडे वळली. “सर, तुम्हीच ना? तेव्हा तर किती खूश होतात. ‘झकास, ही कल्पना कोणाला सुचली नसती’ म्हणालात.”

टाळ्या नसतानाही दिघे सरांनी हात जोडले.

मला वाटले होते की दोष आपल्या अंगावर आल्याने ती मुलगी खजील होईल. तिने उलट हात वर केला. “एक मिनिट, बाई. मग माझं पण नाव घाला ना. वेबसाइटवर काकांचं नाव आहे, सरांचं तर सहा ठिकाणी आहे. माझं कुठेच नाही. बनवली कोणी?”

“अगं, पण तू तर चूक केलीस,” सर म्हणाले.

“हो, मग चुकीखाली घाला. पण घाला.”

मी माझ्या आयुष्यात अनेक चित्रकारांची भाषणे ऐकली आहेत. व्यवसायाविषयी याहून स्वच्छ वाक्य ऐकले नाही. मी तात्काळ उभा राहून अनुमोदन दिले, आणि तक्रारदाराला अनुमोदनाचा अधिकार नाही असे बाई म्हणाल्या, तरी मी खाली बसलो नाही.

निकाल लागला. स्मरणिकेतले वाक्य मागे घेण्यात आले. वेबसाइटच्या तळाशी, आपटेबाईंनी स्वहस्ते लिहून दिलेला, पहिल्या कलमाला धरून असलेला मजकूर आला. तो आजही तिथे आहे, कोणीही पाहावा.

‘बोधचिन्ह, मूळ कल्पनेसह: रघुनाथ मेस्त्री. वेबसाइट आणि पूर्वीची शिरोरेषा: तन्वी गायकवाड. शिरोरेषेची कल्पना: प्रा. दिघे.’

दिघे सरांनी शेवटचे वाक्य काढावे म्हणून बरेच प्रयत्न केले. बाईंनी एकच विचारले, “निर्मात्याचं नाव असावं, की नसावं?”

मात्र ज्या दिवशी तो मजकूर प्रथम झळकला, त्या दिवसाची हकीकत सांगायची राहिली. तन्वीचा फोन आला, “काका, बघा, टाकलंय.” मी सौभाग्यवतींना हाक मारली. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, आणि सावकाश वाचले.

“तुमचा नाव पयला आसा. आता तरी गप ऱ्हवशात मां?”

मी फोन हाती घेतला. गप राहण्याची माझी पूर्ण तयारी होती. परंतु तिथे लिहिले होते: ‘रघुनाथ मेस्त्रि’. ह्रस्व.

सगळ्यांचे डोळे या खेपेस शिरोरेषेवर होते. वेलांटी कोणी पाहिलीच नव्हती. आपटेबाईंना फोन केला, तो त्यांच्या रक्तदाबाची काळजी करीतच. त्या म्हणाल्या, “ह्रस्व ‘ति’साठी भांडून भांडून हाताला वळण लागलं हो.” नंतर तन्वीला सांगितले. ती हसत सुटली. “टेन्शन नको काका, लगेच फिरवते.”

“फिरव,” मी म्हणालो. “पण वरची रेघ जिथे आहे, तिथेच थांबव.”

तिने दोन्ही केले. संपादकांनाही माझी तेवढीच विनंती आहे. या लेखाखाली माझे नाव छापताना वेलांटी दीर्घ असावी. आणि मथळ्याशेजारी सजावटीसाठी एखादा पक्षी बसवायचा मोह झालाच, तर तो वर बसवावा.